निवळ पाणी व निर्दोष पाणी : उल्हासनगर छावणीच्या नळाचा इतिहास

उल्हासनगरास इतिहास नाहीं, असें म्हणण्याचा आमच्या कांहीं विद्वान् मित्रांचा प्रघात आहे. शिलालेख पाहावयाचा असेल तर अंबरनाथास जावें, जुनें दप्तर धुंडाळावयाचें असेल तर कल्याणास जावें. मधल्या चार मैलांत संशोधकानें थांबावें असें कांहीं नाहीं, असा त्यांचा अभिप्राय असतो. आम्हीं आयुष्याचीं बहुतेक वर्षें याच चार मैलांत, कॅम्प ४ मध्यें, विठ्ठलवाडी स्टेशनापासून पायीं चालण्याच्या अंतरावर काढिलीं. तेव्हां या मताविषयीं आमच्या मनांत थोडा आकस असल्यास वाचकांनीं क्षमा करावी. प्रस्तुत लेखाचा विषय या छावणीचा पाण्याचा नळ हा आहे. नळाचें पाणी बिघडलें असतां गृहस्थानें स्वतःस व मुलांबाळांस कसें सांभाळावें, या प्रश्नाचीं उत्तरें शास्त्रकारांनीं, लष्करानें, डॉक्टरांनीं आणि शेजारणींनीं वेळोवेळीं दिलेलीं आहेत. तीं एकमेकांशेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे असें दिसतें कीं, पाणी चांगलें कीं वाईट हें आपण ज्या एका गुणावरून ठरवितों, तो गुण या बाबतींत सर्वांत कमी भरंवशाचा आहे. तो गुण म्हणजे निवळपणा.

प्रथम स्थलाविषयीं. अंबरनाथनजीक काकोळे गांवाजवळच्या डोंगरांत वालधुनी नदी उगम पावते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें आपल्या वाफेच्या एंजिनांसाठीं तेथें बांधलेलें धरण अद्याप ‘जीआयपी टँक’ या नांवानें ओळखलें जातें. तेथून ही नदी अंबरनाथच्या शिवालयाशेजारून येऊन उल्हासनगरांतून वाहते व कल्याणजवळ उल्हास नदीच्या खाडीस मिळते. शिवालयावर उत्तर कोंकणच्या शिलाहारांपैकीं मम्वाणि राजाच्या काळचा लेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं त्यांतील शक ७८२ असा वाचला होता. पुढें तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा निश्चित झाला. एका अंकाच्या वाचनामुळें देऊळ दोनशें वर्षें मागें गेलें होतें. काल चुकीचा धरला म्हणजे कारणही चुकीचें हातीं लागतें. ही गोष्ट पुढें काविळीच्या साथीसंबंधीं उपयोगीं पडणार आहे, म्हणून येथेंच नमूद करून ठेवितों.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सरकारनें कल्याणच्या या बाजूस सैन्यासाठीं मोठी छावणी उभारली. लांबच लांब बराकी, मध्यें रुंद रस्ते आणि सामायिक नळ व सामायिक शौचकूप अशी तिची रचना होती. १९४७ मध्यें देशाची फाळणी झाली आणि सिंध प्रांत सोडून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांस या रिकाम्या बराकींत आसरा देण्यांत आला. ता. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं नव्या वसाहतीची कोनशिला बसविली व उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. जे आले ते सिंधु नदीचे लोक होते. झूलेलाल हें त्यांचें दैवत जलाचें दैवत आहे. चेटीचंडास बहराणा वाहत्या पाण्याकडे मिरवीत नेण्याची त्यांची रीत येथेंही चालू राहिली. पाण्यास देव मानणाऱ्या माणसांच्या वांट्यास स्वतःचें पाणी नसलेलें शहर आलें, हा दैवयोग चमत्कारिक खराच.

लष्करी छावणी ही उठण्यासाठींच वसविलेली असते. ती वसविणारा पांच-दहा वर्षांचा हिशेब करतो. पन्नास वर्षांनीं तिच्या नळाचें काय होईल, हा प्रश्न त्याच्यापुढें नसतो. येथें मात्र छावणी उठली नाहीं. बराकीच्या एकेका खोलीचें घर झालें, घरावर माळा चढला, माळ्याच्या जागीं चार मजली इमारत उभी राहिली. सिंधी कुटुंबांच्या शेजारीं मराठी कुटुंबें आलीं. कॅम्प ४ मध्यें, सुभाष टेकडीकडे व लालचक्कीच्या आसपास, आज मराठी बोली सर्रास ऐकूं येते. नगरपालिका झाली, १९९६ मध्यें महानगरपालिका झाली. घराघरांत नळ आले. परंतु गल्ली छावणीच्या मापाचीच राहिली, आणि त्या अरुंद गल्लींत नळ व गटार यांस एकमेकांच्या अंगास अंग लावूनच जावें लागलें. आमच्या आळींत उभें राहून पाहिलें तर गटाराच्या पाण्यांतून आडव्या गेलेल्या बोटभर जाडीच्या दहा-बारा नळ्या दिसतात. त्यांतील एक आमच्या घरीं येते.

या नळ्यांत येणारें पाणी मुळांत वाईट नाहीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. उल्हासनगरास स्वतःचा जलस्रोत नाहीं; शहर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या पाण्यावर जगतें. हें महामंडळ १९६२ मध्यें स्थापन झालें. बदलापूरजवळचें बारवी धरण त्यानें १९७२ मध्यें बांधलें. जांभूळ येथील केंद्रांत पाणी गाळून व क्लोरिन देऊन पुढें पाठविलें जातें. (उल्हास नदी उन्हाळ्यांतही वाहती राहते याचें एक कारण असें कीं, टाटांच्या भिवपुरी वीजगृहांतून सुटणारें पाणी तिच्यांत येतें. हें पाणी घाटावरील आंद्रा नदीचें, म्हणजे इंद्रायणीच्या खोऱ्यांतलें. कोंकणांतील गृहस्थाच्या घागरींत देशावरचें पाणी कसें येतें, याचा पत्ता त्यास स्वतःसही नसतो.) सारांश, धरणापासून शहराच्या वेशीपर्यंतच्या प्रवासांत पाण्याची राखण करणारीं माणसें व यंत्रें आहेत. वेशीच्या आंत, शेवटच्या शेंदोनशें फुटांत, तसें कोणी नाहीं.

या शेवटच्या टप्प्यांत काय घडतें हें समजण्यास फारशी विद्वत्ता लागत नाहीं. नळ ठराविक वेळीं येतो व ठराविक वेळीं जातो. पाणी दाबानें वाहात असतें तोंवर नळीस भेग असली तर पाणी बाहेर झिरपतें. बाहेरचें आंत येत नाहीं. नळ गेला म्हणजे नळी रिकामी होते, दाब उलटतो आणि भेगेबाहेर जें असेल तें ती शोषून घेते. भेगेबाहेर गटार असेल तर गटार. त्यांत शेजाऱ्यानें नळीस मोटार जोडून पाणी ओढलें म्हणजे हें शोषण दुप्पट होतें. दुसऱ्या दिवशीं नळ येतांच ती घाण पहिल्या पाण्याबरोबर घरांत उतरते. मराठी मुलखाच्या सीमेवरील हुबळी-धारवाड या शहरांत कांहीं वस्त्यांस अखंड पाणी व कांहींस वेळापत्रकाचें पाणी मिळत असतां दोहोंची तुलना करण्यांत आली. वेळापत्रकाच्या पाण्यांत विष्ठेंतील जंतु कितीतरी अधिक वेळां सांपडले, आणि नळ सुटतांच येणाऱ्या पहिल्या पाण्यांत ते विशेषेंकरून होते. आमच्या आळींतील म्हाताऱ्या बायका पहिल्या दोन बादल्या अंगणांत ओततात व ‘नळ धुऊं दे’ असें म्हणतात. पाणी वांया घालविल्याबद्दल आम्हीं त्यांस अनेकदां रागें भरलों आहों. त्यांचें बरोबर होतें.

आतां शास्त्राकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील पंचेचाळिसावा अध्याय द्रवद्रव्यांचा आहे व त्याच्या आरंभीं पाण्याचा विचार येतो. तेथें पाण्याचे दोष सहा प्रकारचे सांगितले आहेत : स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य व विपाक यांचे. पहिले चार दोष त्वचा, डोळा, जीभ व नाक यांस कळतात. शेवटचे दोन इंद्रियांस कळत नाहींत. पाणी पोटांत गेल्यावर त्याच्या परिणामावरूनच ते ओळखावयाचे. म्हणजे दिसावयास, चवीस व वासास निर्दोष असलेलें पाणीही सदोष असूं शकतें, ही गोष्ट ग्रंथकारानें स्पष्टपणें मानलेली आहे. बिघडलेल्या पाण्यावर तो जे उपाय सांगतो त्यांचा क्रमही ध्यानांत घेण्यासारखा आहे. आधीं अग्नीवर कढविणें, उन्हांत तापविणें, किंवा तापवून लाल केलेला लोखंडाचा गोळा, वाळू अथवा ढेंकूळ त्यांत विझविणें. निवळ करण्याचा उल्लेख त्यानंतर येतो, आणि सुगंधी फुलांनीं वासित करणें हें सर्वांच्या शेवटीं. गढूळ पाणी निवळण्याचीं सात साधनें त्यानें निराळीं दिलीं आहेत. त्यांत कतक म्हणजे आपली निवळीची बी आहे, शेवाळाचें मूळ आहे व वस्त्रही आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या दकार्गल प्रकरणांत विहिरींत टाकण्याचें एक चूर्ण दिलें आहे. अंजन, नागरमोथा, वाळा, आवळा इत्यादिकांचें तें चूर्ण कतकफलासह टाकिलें असतां गढूळ, खारट व दुर्गंधी पाणी सुधारतें, असें तो म्हणतो.

आमच्या घरांत या परंपरेपैकीं काय उरलें? निवळीच्या जागीं तुरटी आली, वस्त्र राहिलें आणि अग्नि गेला. याचें कारण उघड आहे. इंधन महाग होतें व तुरटी स्वस्त. शिवाय तुरटीचा गुण घटकाभरांत डोळ्यांनीं दिसतो. अग्नीनें काय केलें हें कांहीं दिसत नाहीं. शास्त्रानें ज्यास उपचाराचें एक अंग मानलें, तोच व्यवहारांत संपूर्ण उपचार होऊन बसला. संस्कृत शिकविण्यांत आमचा जन्म गेला. पण शुद्ध व प्रसन्न हे दोन शब्द मुलांस समानार्थी म्हणून घोकविण्याचा प्रमाद आमच्याही हातून वर्षानुवर्षें घडला, हें कबूल केलें पाहिजे.

वस्त्राविषयीं थोडें अधिक लिहावें लागेल, कारण त्याची योग्यता कमी लेखणें अन्यायाचें होईल. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत वस्त्रानें गाळलेलें पाणी प्यावें अशी जी आज्ञा आहे ती संन्याशास आहे, व तिचा हेतु पाण्यांतील सूक्ष्म जीवांची हिंसा टाळावी हा आहे. जैन समाजांतील पाणी गाळण्याच्या कडक आचारामागेंही हेंच तत्त्व. पिणाऱ्याचें रक्षण हा हेतु नसतांही त्यापासून पिणाऱ्याचें रक्षण झालें. नारूचें उदाहरण घ्या. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरण्याची जेथें वहिवाट होती, तेथें नारूनें पिढ्यान् पिढ्या पाय सडविले; महाराष्ट्रांतील गांवेंही त्यांत होतीं. नारूचा अंश पाण्यांतील एका अतिसूक्ष्म किड्याच्या पोटांत असतो व तो किडा साध्या फडक्यानें अडतो. फडकें, पायऱ्या बुजविणें व औषध टाकणें एवढ्यावर हा रोग आटोक्यांत आला. भारतांतील शेवटचा रुग्ण १९९६ मध्यें नोंदला गेला व २००० मध्यें देश नारूमुक्त ठरला. बांगलादेशांतही २००३ मध्यें असें प्रसिद्ध झालें कीं, जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळणाऱ्या खेड्यांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्यानें घटले. कारण पटकीचे जंतु पुष्कळसे अशाच सूक्ष्म किड्यांस चिकटून राहतात. परंतु जो जंतु सुटा हिंडतो, किंवा जो जंतूहूनही कितीतरी पटींनीं बारीक असा विषाणु आहे, त्यास चौपदरी फडकें म्हणजे उघडी वेसच होय. काविळीचे विषाणु या दुसऱ्या जातीचे आहेत.

याचें सर्वांत मोठें प्रमाण दिल्लीचें आहे. फाळणीनंतर दिल्लीही निर्वासितांनीं फुगली होती. १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेनें पात्र बदललें आणि नोव्हेंबरांत नजफगढ नाल्याचें सांडपाणी वझिराबादच्या पंपाच्या तोंडाशीं आलें. पाणीखात्याच्या माणसांच्या तें ध्यानांत आलें नाहीं असें नाहीं. त्यांनीं तुरटी वाढविली, क्लोरिन वाढविलें. पाणी निवळ होऊन शहरांत गेलें. विषमज्वर व पटकी यांची साथ आली नाहीं, म्हणजे क्लोरिननें जंतूंपुरतें आपलें काम केलें होतें. परंतु डिसेंबरच्या आरंभीं काविळीचे रुग्ण दिसूं लागले आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सुमारें २९,००० लोकांस कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांस तिनें विशेष ग्रासलें. त्या वेळीं जपून ठेविलेल्या रक्तद्रवाची पुढें तपासणी होऊन ही कावीळ ज्यास आज हिपॅटायटिस ई म्हणतात त्या विषाणूची होती, असें ठरलें. हा विषाणु पोटांत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. नाला पंपाशीं आला तेव्हां कोणी आजारी नव्हतें. लोक आजारी पडले तेव्हां नाला मागें सरलेला होता.

खाजगी अनुभव लिहिण्याची या पत्राची प्रथा नाहीं; तथापि पुढील मजकूर या विषयाचाच एक कागद समजून वाचावा. कांहीं वर्षांपूर्वीं आषाढांत आमच्या आळींत नवी नळजोडणी घेतांना जुनी नळी कोणीं तरी तोडली, व कापडाची चिंधी आणि रबर यांनीं ती बांधून गटारांत तशीच सोडली. श्रावणांत ती नीट बदलण्यांत आली. मधल्या तीन आठवड्यांत पाणी दिसावयास चांगलें होतें. एखाददुसऱ्या सकाळीं किंचित् वास येई, तो पावसाळ्याचा असेल असें आम्ही म्हणत असूं. भाद्रपदांत शेजारच्या तीन इमारतींत मिळून अकरा जणांस कावीळ झाली. त्यांत आमची एक जुनी विद्यार्थिनी होती. ती बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली होती व तिला आठवा महिना होता. तिच्या माहेरचें घर पाण्याविषयीं अत्यंत काटेकोर. तांब्याची घागर रोज चिंचेनें घासलेली, तुरटी फिरविलेली, पांढऱ्या धोतराच्या चौपदरी फडक्यांतून गाळलेलें पाणी. तिच्या आईनें तें आम्हांस पेल्यांत धरून दाखविलें. त्या पाण्यांतून घागरीवरील टांकसाळीचा शिक्का वाचतां आला असता. मुलगी वांचली, मूल वांचलें नाहीं.

कावीळ सुरू झाल्यावर पाण्याचे नमुने नेण्यांत आले. ते निर्दोष निघाले. नळाचा दोष नाहीं, बाहेरचें कांहीं खाण्यांत आलें असेल, असें सांगण्यांत आलें. व नमुन्यापुरतें तें खोटेंही नव्हतें, कारण नळी श्रावणांतच दुरुस्त झालेली होती. भाद्रपदाच्या रोगाचें कारण भाद्रपदाच्या पाण्यांत शोधणें म्हणजे ९८२ चें देऊळ ७८२ च्या राजाच्या नांवावर लिहिणें होय. आम्हीं दिवस मोजून पाहिले, आषाढांतील त्या चिंधीपर्यंत मागें गेलों, आणि मग जें समजावयाचें तें समजलें. हिपॅटायटिस ई मध्यें शेवटच्या तीन महिन्यांतील गर्भवतींपैकीं शेंकडा वीस ते पंचवीसपर्यंत दगावतात, हें जागतिक आरोग्य संघटनेचें म्हणणें आम्हीं त्यानंतर वाचलें. घरांत गरोदर स्त्री असतां कॅम्पांत न उकळलेलें पाणी तिला देऊं नये, हें त्या दिवसापासून आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत आलों आहों, व त्यास कोणी म्हातारपणाचा छंद म्हटलें तर आमची हरकत नाहीं.

क्लोरिनसंबंधीं लोकांच्या मनांत विनाकारण तिटकारा आहे, म्हणून त्याचाही वृत्तांत देतों. ब्रिटिश लष्करांत पहिल्या महायुद्धापासून पाण्यास ब्लीचिंग पावडर किती घालावी हें ठरविण्याची एक पेटी असे. तिला तिच्या कर्त्याच्या नांवावरून हॉरॉक्सची पेटी म्हणत. एका काळ्या पेल्यांत पावडरीचें द्रावण करून तें सहा पांढऱ्या पेल्यांतील पाण्यांत चढत्या प्रमाणानें घालावयाचें, अर्धा तास थांबावयाचें, मग एक द्रव्य टाकावयाचें. ज्या पहिल्या पेल्यांत स्वच्छ निळा रंग उमटेल त्यावरून मात्रा धरावयाची. या युक्तीचें मर्म असें कीं, पाण्यांतील घाणीनें खाऊन टाकिल्यावरही थोडें क्लोरिन शिल्लक राहिलें पाहिजे. शिल्लक हीच राखण. आमच्याकडे ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत सर्वत्र जिला टीसीएल पावडर म्हणतात ती हीच ब्लीचिंग पावडर, आणि नळाखालीं छोटी कांचनळी धरून कर्मचारी जी ओ. टी. टेस्ट करतात तींत याच शिलकीचा शोध असतो; थेंब टाकतांच पाणी पिवळें झालें म्हणजे राखणदार जागेवर आहे. लिटरास ०.२ मिलिग्रॅम ही शिलकीची किमान मर्यादा मानलेली आहे. नळास औषधाचा वास येतो म्हणून तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस मात्र पावसाळ्यांत तो वास अगदीं नाहींसा झाला म्हणजे चिंता वाटते. २०२५ च्या जानेवारींत पुण्यास सिंहगड रस्त्याच्या परिसरांत, नांदेड-किरकटवाडीच्या बाजूस, गियां-बारे नांवाच्या पक्षाघातासारख्या विकाराची साथ आली व रुग्णांची संख्या दोनशेंच्या वर गेली. रुग्णांच्या तपासणींत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतु आढळला व संशय पाण्यावरच आला. या जंतूचें क्लोरिनपुढें कांहीं चालत नाहीं.

तेव्हां घरांत काय करावें? नळ येतांच पहिलें पाणी पिण्यास भरूं नये. गढूळ असेल तर तुरटीनें निवळावें, फडक्यानें गाळावें. त्यांचें स्थान आरंभीं आहे, कारण गढूळ पाणी क्लोरिन खाऊन टाकतें व जंतूंस आडोसा देतें. त्यानंतर अग्नि. पाण्यास पूर्ण उकळी फुटून ती मिनिटभर टिकली म्हणजे जंतु, विषाणु व नारूचे किडे हे सर्व मरतात. वीस-वीस मिनिटें गॅस जाळण्याची जी चाल आहे तिच्यामुळेंच गरीब घरांत उकळणें सुटतें. उकळलेलें पाणी त्याच भांड्यांत झांकून निववावें व ओगराळ्यानें घ्यावें. हात बुडविला कीं सर्व खटाटोप व्यर्थ. इंधनाची अडचण असल्यास आरोग्यकेंद्रांतून मिळणारें मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या मात्रेनें टाकून अर्धा तास थांबावें. दिल्लीचा दाखला पाहतां काविळीच्या दिवसांत मात्र अग्नीवरच भिस्त ठेवावी. जमिनींत पुरलेल्या टांक्यांची गोष्ट निराळीच आहे. ता. २६ जुलै २००५ रोजीं वालधुनी व उल्हास यांच्या पुराचें पाणी घराघरांत शिरलें तेव्हां अशा टांक्या गटाराच्या पाण्यानें भरल्या. टांकी उपसून, घासून, टीसीएलनें धुतल्याशिवाय तिच्यांत नळाचें पाणी घेणें म्हणजे चांगलें वाईटांत मिसळणें होय.

एका प्रसंगीं मात्र अग्नीही निरुपयोगी आहे, व तो प्रसंग या शहरास परका नाहीं. नोव्हेंबर २०१४ मध्यें वालधुनींत कोणीं रासायनिक द्रव्य ओतल्यामुळें विषारी वायु पसरला आणि शेंकडों लोकांस रुग्णालयांत न्यावें लागलें. पुढच्या वर्षीं, ता. २ जुलै २०१५ रोजीं, वनशक्ति या संस्थेच्या अर्जावरून राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणें खंडपीठानें उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक संस्था व सांडपाणी प्रकल्प यांस मिळून सुमारें ९५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. रसायन मारावयास जीव नसतो. उकळल्यानें पाणी आटतें व तें उलट दाट होतें. नळास औषधाहून निराळा, रॉकेलासारखा अथवा रंगाऱ्याच्या दुकानासारखा वास आला किंवा रंग दिसला, तर तें पाणी पिऊं नये, त्यांत स्वयंपाकही करूं नये. शेजाऱ्यांस कळवावें, तक्रार लेखी द्यावी व दुसरीकडून पाणी आणावें. येथें नाकाची साक्ष ग्राह्य आहे. सहा दोषांपैकीं चार इंद्रियगोचर आहेत, हेंही सुश्रुतानेंच सांगितलें आहे.

आपण केवळ सोसणारेच आहों असें मात्र उल्हासनगरकरांनीं समजूं नये. आमच्या शहराचें सांडपाणी खेमाणी नाल्यानें दीर्घकाळ उल्हास नदींत जात आलें, आणि त्या बाजूस शहाड-मोहने येथें नदीवर कल्याण-डोंबिवलीकरांचे पंप आहेत. जर्मनींत १८९२ मध्यें एल्ब नदीवरील हॅम्बुर्ग शहरांत पटकीनें आठ हजारांहून अधिक लोक मेले. लगतचें आल्टोना शहर त्याच नदीचें, हॅम्बुर्गच्या सांडपाण्याच्या खालच्या अंगाचें पाणी पीत असूनही पुष्कळसें वांचलें, कारण तेथें वाळूच्या गाळण्या होत्या. दोन शहरांच्या सीमेवरील एकाच रस्त्याच्या एका बाजूस पटकी व दुसऱ्या बाजूस नाहीं, असा प्रकार रॉबर्ट कॉख यांनीं नोंदला आहे. वरच्यानें घाण सोडली तरी खालच्यास वांचतां येतें, पण तें खालच्याच्या खर्चानें.

नळींतील दाब अखंड राखणें हाच यावरील कायमचा उपाय आहे व तो महाराष्ट्रांत अशक्य नाहीं. कऱ्हाडजवळच्या मलकापूर या लहानशा गांवानें चोवीस तास पाणी देण्याची योजना २००९ च्या सुमारास अमलांत आणिली. अखंड दाबाच्या नळींत गटारास शिरतां येत नाहीं. मोटारीची गरज राहात नाहीं व टांकी पुरण्याचीही. आमच्या आळींतील नळ मात्र अजून वेळापत्रकाचाच आहे.

भाद्रपदांतील त्या प्रसंगानंतर आम्हीं एक वही घातली आहे. तींत नळ येण्याची वेळ, पाण्याचा रंग, वास, रस्ता कोठें खणला, नळी कोणीं तोडली, केव्हां जोडली, आणि आळींत कोणास जुलाब अथवा कावीळ झाली हें तिथीवार लिहितों. या वहीच्या आधारें दोन वेळां दुरुस्ती वेळेंत करून घेतां आली. एका वेळीं तर चिंधी बांधलेली नळी दुसऱ्याच दिवशीं बदलून मिळाली व पुढील दोन महिने आळींतील एकूण एक घरांनीं पाणी उकळून घेतलें. कावीळ आली नाहीं. कॅम्प ४ मधील दुसऱ्या कोणीं अशी टांचणें ठेविलीं असल्यास, किंवा छावणीच्या काळांतील नळ व गटारें दाखविणारा लष्करी नकाशा कोणाच्या घरीं जुन्या कागदांत पडून असल्यास, त्यांनीं मंडळाच्या पत्त्यावर कळवावें. नक्कल करून मूळ कागद सुखरूप परत पाठविण्यांत येईल.